मापासाठी स्त्री

माझा धंदा फोटो काढण्याचा, आणि बायको गेली तेव्हा तिचा एकही फोटो घरात नव्हता. हे ऐकलं की काही लोक गप्प होतात आणि काही हसू दाबतात. मला दोन्हींची सवय झाली आहे.

महाडच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे. पुढे एक खोली, मागे अंधारी खोली, आणि भिंतीवर रंगवलेला पडदा. पडद्यावर कारंजं आणि दोन हंस. लग्न झालेली जोडपी येतात, मुंबईला गिरणीत निघालेली पोरं येतात. शिवाय मेलेल्या माणसांचे फोटो काढायला मला गावोगाव बोलावतात. मेलेल्याला भिंतीला टेकवून बसवायचं, डोक्याला मुंडासं बांधायचं, घरच्यांना दोन्ही बाजूंना उभं करायचं. तोंड उघडं राहिलेलं असेल तर नंतर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून ते मिटवायचं. या कामात माझा हात चांगला आहे. पोलादपूरपासून शिवथरपर्यंत लोक मला त्यासाठीच ओळखतात.

चंद्रभागा माझ्या मामाची मुलगी. मामाचं घर शिवथरला. लग्न झालं तेव्हा मी मुंबईत दुसऱ्याच्या स्टुडिओत नोकर होतो, त्यामुळे लग्नात फोटो निघाला नाही. पुढे महाडला दुकान टाकलं, मुलगी झाली, तिचं नाव शकू ठेवलं. चंद्रभागेचा फोटो काढायचं मात्र राहतच गेलं. गिऱ्हाईक यायच्या आधी उजेड जुळवायला मी तिलाच हंसांच्या पुढे स्टुलावर बसवायचो आणि कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली डोकं घालायचो. ज्या काचेवर फोटो उतरतो ती प्लेट घातलेली नसायची.

"काढलात?" ती विचारायची.

"नाय. नुसतं बघत व्हतो."

"मग बघून झालं असंल तर उठते. दूध उतू जाईल."

असं शंभर वेळा झालं असेल. शंभर वेळा मी तिला कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उलटी बघितली आणि एकदाही प्लेट घातली नाही.

साठ साली दिवाळीनंतर पुण्याहून पळसुले साहेब आले. सरकारी कार्यालय, शेतीशी संबंधित. ते म्हणाले, या भागात बाहेरून आलेली झाडं आणि जनावरं पसरत आहेत, इथली नसलेली. त्यांची नोंद करायची आहे, फोटोसह. काटेरी घाणेरी तर डोंगर खात सुटली होती, ते आम्हालाही दिसत होतं. तिच्याखाली गवत उगवत नाही आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. पण ती बाहेरची आहे हे मला तेव्हा कळलं. माझ्या आज्याच्या वेळेपासून ती बांधावर होती. तळ्यात जलपर्णी होती. चिलापी मासा नवीनच आला होता, तो एकदा तळ्यात शिरला की दुसऱ्या माशाला जगू देत नाही. पुण्याकडे पांढऱ्या बारीक फुलांचं एक गवत निघालं होतं, ते आपल्याकडे दिसतं का तेही बघायचं होतं. पोलादपूरला मालट्रक थांबतात त्या जागी मला त्याची चार रोपं सापडली. साहेबांना फार आनंद झाला.

साहेबांचे नियम होते. प्लेटा ते देणार. फोटो घेतलेली प्लेट मी धुवायची नाही, पेटीत तशीच बंद ठेवायची. त्यांच्या कार्यालयातच सगळ्या एकसारख्या धुतल्या जातील. आणि प्रत्येक फोटोत माप पाहिजे, म्हणजे झाड किती उंच ते बघणाऱ्याला कळेल. त्यासाठी त्यांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक लाकडी काठी दिली होती.

ती काठी दुसऱ्याच फेरीत सावित्री नदीच्या उतारावर पाण्यात गेली. मी पुण्याला कळवलं, उत्तर आलं नाही. मग मी चंद्रभागेला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली आणि खूण केली. चार फूट अकरा इंच. साहेबांना लिहिलं की काठीऐवजी माणूस चालेल का, उंची मोजलेली आहे. याचं उत्तर मात्र आठवड्यात आलं. चालेल, पण चेहरा दिसता कामा नये. चेहरा असला की बघणाऱ्याची नजर चेहऱ्याकडे जाते, झाडाकडे जात नाही.

तेव्हापासून ती माझ्याबरोबर येऊ लागली. कॅमेरा माझ्या खांद्यावर, तिपाई तिच्या डोक्यावर. शकूला शेजारी किंवा शिवथरला आजीकडे ठेवायचो. झाडाशेजारी ती कॅमेऱ्याला पाठ करून उभी राहायची. नऊवारी लुगडं, अंबाडा, हात सरळ खाली. मी म्हणायचो, "इकडं सरक, आणखी एक पाऊल," आणि ती सरकायची. वर्षभरात तिच्या पाठीचे पन्नासेक फोटो काढले असतील.

गावची माणसं गोळा व्हायची. एका वाडीवर काम चाललं तेव्हा तिथला महिपत म्हातारा रोज येऊन बसायचा.

"भागोजी, घाणेरीचा फोटो काढून सरकार तिचं काय करनार रे? तिला नोकरीबिकरी देनार?"

"नोंद ठेवनार."

"आमची नोंद नाय ठेवली ती कुनी. आन बाय कशाला उभी केलीस? घाणेरी एकटीच लाजते काय?"

लोक हसायचे. चंद्रभागा पाठमोरीच असायची, पण तिचे खांदे हलायचे. मग मी ओरडायचो. कारण आमच्या प्लेटा हळू होत्या. सावलीत पानापानाची शीर उठावी म्हणून भिंगाचं तोंड बारीक करून सहा-आठ सेकंद प्लेट उघडी ठेवावी लागायची. भिंगाचं झाकण काढायचं, मोठ्याने आकडे मोजायचे, झाकण लावायचं. तेवढ्या वेळात जे हललं ते पुसट होतं. वारा पडेपर्यंत थांबता येतं, पण माणसाचं काय करायचं?

पोलादपूरच्या एका तळ्यावर जलपर्णीचा फोटो घेत असताना पाचव्या आकड्याला तिने मानेवरचा डास मारला. प्लेट फुकट गेली. तिथे दहा-बारा माणसं होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "काठी हलते काय कधी? तुला काठी म्हनून आनलीय. काठीसारखी उभी ऱ्हा."

घरी येताना एसटीत ती म्हणाली, "काठी पान्यात पडली नसती तर बरं झालं असतं."

"का?"

"काय नाय. घरची भांडी तरी निघाली असती."

त्या दिवसानंतर ती एकदाही हलली नाही.

एकसष्टच्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आम्ही शिवथरला गेलो. चंद्रभागेची आई बनुबाई, म्हणजे माझी मामी, तेव्हा एकटीच त्या घरात राहत होती. मामा आधीच वारले होते. शकूला मामीकडे ठेवलं आणि आम्ही दोघं वरच्या माळावर गेलो. तिथे आंब्याच्या सावलीत घाणेरी माणसाच्या डोक्यावर गेली होती. साहेबांना तशीच पाहिजे होती, पूर्ण वाढलेली, आत शिरायला वाट नसलेली.

मी तिला आत ढकलली. ढकलली म्हणजे हाताने नाही. "आणखी आत," म्हणालो. "आणखी. कमरेपर्यंत आत जा, म्हंजे दाटी कळेल."

"पाठ करून उभी राह्यले तर तोंडात काटे जातात," ती म्हणाली. "इकडं तोंड करते."

"मग पदर पुढं ओढ."

"पदर ओढला तर तुमी दिसनार नाय. कधी चालू केलंत नि कधी झालं, मला कळनार कसं?"

मी काळ्या फडक्याखाली होतो. काचेवर ती उलटी दिसत होती, डोकं खाली, घाणेरी वर. चेहरा पूर्ण दिसत होता. मला वाटलं, काय ते पुण्याला कापतील. ऊन ढगाआड गेलं होतं, ते परत यायच्या आत काम उरकायचं होतं. मी प्लेट घातली, झाकण काढलं आणि डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. एक ते आठ. झाकण लावलं.

"झालं."

ती बाहेर आली आणि दगडावर बसली. पाय चोळू लागली. "काटा लागला वाटतं," म्हणाली.

"बस मग तिथंच," मी म्हणालो. मला अजून दोन प्लेटा घ्यायच्या होत्या. एक फुलांच्या झुबक्याची, एक काळ्या फळांची, शेजारी मापाला आगपेटी ठेवून. तिपाई खाली घ्यावी लागली, भिंग बदलावं लागलं. पाऊण तास गेला. ती एकदा म्हणाली, "जरा जळजळतंय." मी म्हणालो, "होईल."

निघताना तिला उठता येईना. घोट्यापर्यंत पाय सुजला होता. मी खाली बसून बघितलं तेव्हा शेजारी-शेजारी दोन ठिपके दिसले. आमच्याकडच्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. फुरसं म्हणजे हातभरही नसलेला साप, आणि पाल्यात तो दिसत नाही.

मी तिला पाठीवर घेऊन खाली आलो. मामी अंगणात होती. मी तोंड उघडायच्या आत चंद्रभागाच म्हणाली, "फाट्यांना गेले व्हते गो आये. पाय पडला." मामीने शकूला आत नेलं, शेजाऱ्यांनी गाडी जुंपली. सरपणाला गेल्याचं ते खोटं मी तसंच राहू दिलं.

गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी विचारलं, "कधी चावलं?"

"तुमचं तीन झालं नि टोचलं."

"मग हललीस का नाय?"

"प्लेट गेली असती ना," ती म्हणाली. "पेटीत दोनच उरल्या व्हत्या."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सुया दिल्या, जे करता येईल ते सगळं केलं. उशीर झाला होता. उशीर दवाखान्यात झाला नव्हता. हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबलं नाही. चौथ्या दिवशी गेली.

लोक म्हणाले, फोटो काढून घे. सगळ्यांचे काढतोस. मी कॅमेरा आणला, तिपाई उभी केली. तिला भिंतीला टेकवायला दोघं पुढे झाले. मी फडक्याखाली डोकं घातलं आणि काचेवर बघितलं. चेहरा सुजलेला, हिरड्या काळ्या. फडकं काढलं आणि तिपाई मिटवली. म्हणालो, राहू दे. तिला असं कोणी आठवणीत ठेवू नये असं मला वाटलं. आता वाटतं, तेव्हाही मी फक्त फोटो चांगला येणार नाही एवढंच बघितलं.

दहाव्यानंतर पुण्याचा शिपाई आला आणि प्लेटांची पेटी घेऊन गेला. मला कोणी फसवलं नाही. पेटी मीच त्याच्या हातात दिली. त्यात काय आहे मला ठाऊक होतं. मागची अंधारी खोली रिकामी होती, औषधं कालवलेली होती, नियम मोडून एक प्लेट धुतली असती तर कोणी फाशी दिली नसती. माझी छाती झाली नाही.

शकू मामीकडेच राहिली. दुकान सांभाळून चार वर्षांच्या मुलीचं मला जमलं नसतं. मी पंधरा दिवसांनी जायचो. पावसाळा संपता संपता, वर्षश्राद्धाला महिना असताना, मामीने मला ओटीवर बसवलं आणि चहा दिला.

"भागोजी, एक इचारू?"

"इचार ना मामी."

"पोर काल मला म्हनते, आजी, आयच्या नाकात काय व्हतं. मी म्हटलं चमकी. तर म्हनते, नाय, नथ. पन चमकीच व्हती. पोर आयचं तोंड इसरत चाललीय रे."

मी चहा पीत राहिलो.

"जगाच्या मेल्यांचे फोटो काढलेस. लोकांच्या भितीवर तुझे फोटो हायत. माझ्या लेकीचा एक नसंल तुझ्याकडं?"

"बघतो."

"बघतो काय? असंल तर हाय म्हन, नसंल तर नाय म्हन."

"एक हाय," मी म्हणालो. "पुन्याला हाय."

"मग आन. वर्षश्राद्धाला पाटावर ठेवू. पोरीला दावू."

मी पुण्याला दोन पत्रं टाकली. दुसऱ्या पत्रानंतर टपालाने एक पुस्तिका आली, सरकारी कागद, करडं वेष्टन. आत बावीस फोटो. चौदाव्या पानावर घाणेरी होती. छपाई चांगली होती, पान न पान उठलं होतं. मधोमध लुगड्यातली बाई, आणि गळ्याच्या वर फोटो संपला होता. खाली लिहिलं होतं, "घाणेरी, पूर्ण वाढ, महाड तालुका. मापासाठी स्त्री, उंची ४ फूट ११ इंच." डोकं कापल्यावर तिची उंची चार फूट अकरा इंच राहत नाही हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हा मीच गेलो. वरंध घाटाने भोर, भोरहून पुणे. पळसुले साहेबांनी मला खुर्ची दिली.

"या भागोजीराव. पुस्तिका मिळाली ना? तुमची चौदाव्या पानाची प्लेट आमच्याकडची सर्वोत्तम आहे. तिची प्रत दिल्लीला पाठवली मी. शिरा मोजून घ्याव्यात इतकी स्वच्छ."

"वरचा भाग कापलात."

"चेहरा होता हो त्यात. आपलं ठरलंच होतं ना?"

"ठरलं होतं."

"त्या बाई कोण? दर फोटोत दिसतात."

"घरातल्या."

"त्यांना आमच्याकडून सांगा, फार छान उभ्या राहिल्या. आमचे इथले शिपाई दोन सेकंद स्थिर राहत नाहीत."

"सांगतो," मी म्हणालो.

मला त्यांचा राग आला नाही असं नाही. पण त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. मी फक्त म्हणालो, त्या प्लेटची एक पूर्ण प्रत पाहिजे. प्लेट देता येणार नाही, ती सरकारी दप्तरात राहील, पण प्रत काढून देतील असं ते म्हणाले आणि त्यांनी मला खालच्या मजल्यावर पाठवलं.

डार्करूममधला माणूस मालोजी नावाचा, मूळचा वरंधचाच निघाला. मी महाडचा म्हटल्यावर त्याने बिडी पुढे केली.

"ती घाणेरीवाली प्लेट? ती मीच धुतली," तो म्हणाला. "बाय कोन रे ती? दगड हाय दगड. माझ्या हातून हजारो प्लेटा गेल्या, असं माणूस नाय बघितलं. एक तोंड तेवढं हललंय."

"तोंड?"

"बघशील ना आता."

लाल दिव्याखाली त्याने कागद लावला आणि उजेड दिला. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. तो तोंडातल्या तोंडात मोजत होता. आवाज नव्हता, फक्त ओठ हलत होते. एक, दोन, तीन. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो, आणि तेवढ्यात त्याने कागद औषधात टाकला.

आधी पानं आली. मग लुगड्याचा काठ. मग तिचा डावा हात आला. तो हात मी त्या दिवशी काचेवर बघितला तेव्हा घाणेरीच्या फांदीला नुसता टेकलेला होता. इथे त्याच फांदीवर मूठ वळलेली होती; पुस्तिकेत माझी नजर कापलेल्या गळ्यावरच थांबली होती. ती फांदी काटेरी असते. तिला कोणी अशी धरत नाही. मग चेहरा आला. कपाळ, कुंकू, चमकी, सगळं टोकदार. डोळे सरळ माझ्याकडे, म्हणजे भिंगाकडे. पापणी लवलेली दिसत नव्हती. ओठ तेवढे पुसट होते.

ती मोजत होती. मी मोठ्याने मोजत होतो आणि ती माझ्याबरोबर ओठातल्या ओठात मोजत होती. तीनपर्यंत नुसतं, आणि तीनच्या पुढे पाच आकडे चावल्यावर.

"तोंडाला पेन्सिल मारून देऊ?" मालोजी म्हणाला. "मिटवून टाकतो. कळनारसुद्धा नाय."

"नको."

"बरं दिसंल रे."

"मला येतं ते काम," मी म्हणालो. "नको."

कागद सरकारी होता, त्याने एकच प्रत दिली.

घरी आणून मी ती दुकानातल्या टेबलावर ठेवली. शेजारी कात्री ठेवली. खांद्यापासून वर कापलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. घाणेरी गेली असती, मूठ गेली असती. बायकोचा चेहरा उरला असता, दुसऱ्या कोणाही बाईसारखा, चौकटीत बसवून पाटावर ठेवण्याजोगा. मामीला ती फाट्यांना गेली होती असं चंद्रभागाच सांगून गेली होती. ते खोटं मला मोडायची गरज नव्हती. दुकान बंद करून मी दुपारभर त्या कात्रीपुढे बसलो. मग फोटो होता तसाच कागदात गुंडाळला आणि शिवथरची गाडी धरली.

शकू शेजारी खेळायला गेली होती. मामीने हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो दोन्ही हातांत घेतला. उजेडाला उंबऱ्याशी गेली.

"चमकीच हाय," ती म्हणाली.

"हो."

"हडकली व्हती काय रे तवा? गालाचं हाड दिसतंय."

मामीने फोटो थोडा लांब धरला.

"ही वरच्या माळावरची घाणेरी. हा आंबा आमचा." तिने बोट ठेवलं. "हे लुगडं दसऱ्याला मी घेतलेलं."

"हो."

"फाट्यांना गेली म्हनली ती मला."

"तशी म्हनली."

मामी खाली बसली. माझ्याकडे बघितलं नाही, फोटोकडेच बघत राहिली. पुढचं तिने एकेक करून विचारलं आणि मी एकेक करून सांगितलं. किती आत उभी केली, कोणत्या आकड्याला चावलं, नंतर ती दगडावर किती वेळ बसून होती. पाऊण तास म्हटल्यावर मामीने डोळे मिटले आणि परत उघडले. तळ्यावर मी तिला काय बोललो होतो तेही सांगितलं. ते तिने विचारलं नव्हतं.

"तोंड का असं पुसट?"

"मोजत व्हती. माझ्याबरोबर."

"चावल्यावर पन?"

"चावल्यावर पन. आठपर्यंत."

"तिनं मूठ आवळलीय," मामी म्हणाली. "मला म्हातारीला दिसतंय. तू समोर व्हतास. तुला नाय दिसलं? तू काय करत व्हतास?"

"मी घड्याळाकडं बघत व्हतो."

मामी उठली. मला वाटलं फोटो तोंडावर फेकेल. तिने तो परत कागदात गुंडाळला, नीट, घड्या होत्या तशाच पाडून, आणि आत जाऊन कपड्यांच्या पेटीत ठेवला. बाहेर आली आणि म्हणाली, "ह्यो हितंच ऱ्हाईल. शकू मोठी झाली की दावीन. तू नेऊ नको."

"नाय नेत."

"वर्षश्राद्धाला ये. जेवून जा. पन चंद्रीचा विषय काढू नको माझ्याम्होरं."

मी गेलो, जेवलो, आलो. पाटावर फोटो नव्हता, नारळ होता.

पळसुले साहेबांचं काम मी सोडलं नाही. का सोडलं नाही हे मला सांगता येत नाही. त्यांनी नवीन काठी पाठवली आहे, पट्ट्या रंगवलेली. ती मी जमिनीत रोवतो आणि लांब उभा राहतो. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याला स्टुलावर बसवतो, हंसांच्या पुढे. आता मी घड्याळ काढून खिशात ठेवतो आणि माणसाच्या तोंडाकडे बघत मोजतो. त्यामुळे आकडे कमीजास्त होतात आणि फोटो काळे नाहीतर पांढरे येतात. लोक म्हणतात, भागोजीचा हात बिघडला.

ती पुस्तिका दुकानात आहे. चौदावं पान मी फाडून भिंतीवर लावलं आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी म्हणतो, घाणेरी.

पुण्याला मालोजीला पत्र टाकलं तर तो दुसरी प्रत काढून देईल. पोस्ट दुकानापासून चार घरांवर आहे. अजून टाकलेलं नाही.